'घडी'ची दुसरी आवृत्ती

उमरखेड
१४ जानेवारी २०२४

प्रिय सुरभी,

व्हॉट्सॲपवर तुले अभिनंदन लिहिलं, तू जोडलेले दोन हात पाठवले, अन् तेवढ्यावरच सगळं मिटलं. मले ते पुरलं नाही, म्हणून मेल लिहून राह्यली. होस्टेलच्या सुट्टीत आपण एकमेकीले पत्र लिहायचो, तसंच समज.

बंगलोरच्या परिषदेत 'घडी'वर तुहं भाषण ठरलं, हे मले धम्मरत्न सरांकडून कळलं. यवतमाळच्या आपल्या कॉलेजात शनिवारी दुपारी ते हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट शिकवत, सात जण येत, अन् दुसऱ्या महिन्यात आपण दोघीच उरलो होतो. त्या दोघींचं काम आता इतक्या लोकांपुढं जाणार, असं ते तीनदा म्हणाले. 'दोघींचं' म्हणाले, हे मी मुद्दाम लिहून राह्यली.

अब्बांनी विचारलं, ही 'घडी' म्हणजे नेमकं काय आहे. मी सांगितलं, प्रोग्राम लिहिणारे कसेही लिहितात, एक ओळ हातभर लांब, दुसरी टीचभर. हा आपला प्रोग्राम त्यांचा प्रोग्राम घेतो अन् नीट मांडून परत देतो. मावलं तर एका ओळीत ठेवतो, नाही मावलं तर योग्य जागी तोडतो अन् खालची ओळ थोडी आत सरकवतो. अर्थ तोच राहतो, फक्त वाचणाऱ्याच्या डोळ्याले त्रास होत नाही. असं काम ज्याले लागेल त्यानं आपलं घेऊन वापरावं, म्हणून त्याले लायब्ररी म्हणतात. अब्बा म्हणाले, म्हणजे माहंच काम की. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस दुसरं काय म्हणणार.

तुले आठवते, आपली पहिली 'घडी' मोठा प्रोग्राम दिला की लटकून जायची. तोडायच्या सगळ्याच्या सगळ्या जागा तपासून पाहायची. मग त्या दिवाळीत मी अब्बांजवळ बसली होती. कृषी केंद्राचं लांबलचक नाव ते पाटीवर बसवत होते, अन् त्यांनी पूर्ण मजकूर एकदाबी मोजला नाही. पाटी जिथं संपते तिथपर्यंतच पाहायचे अन् ठरवायचे. होस्टेलवर येऊन मी तुले तेच सांगितलं की पुढचं सगळं पाहायची गरजच नाही, ओळीची रुंदी संपेपर्यंत पाहायचं. तू ते आठ दिवसांत कोडमध्ये बसवलंस. तेव्हापासून ती पळते.

पुण्याची नोकरी आपल्या दोघींलेबी लागली होती. त्याच मे महिन्यात अब्बा शिडीवरून पडले, खुबा मोडला. मी म्हटलं, एक वर्ष थांबते. आता तिसरं संपत आलं. बसस्टँडसमोरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, ठीक चाललं आहे.

मी खूष आहे. खरंच. भाषणात माहं नाव कुठं येते ते फक्त सांगजो, अम्मीले दाखवायचं आहे.

तुही,
गझाला

०

पुणे
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय गझाला,

उत्तराला उशीर झाला. भाषणाची तयारी, ऑफिस, आणि त्यात 'घडी'ची दुसरी आवृत्ती, या सगळ्यात मला स्वतःचं नाव आठवायला वेळ नाही.

तुझी मेल वाचून डोळ्यांसमोर आपली खोली आली. चाचांना माझा सलाम सांग. त्यांचा पाय आता कसा आहे?

नावाचं म्हणशील तर एक गोष्ट झाली आहे. कंपनीत 'घडी' वापरायला घेतली तेव्हा फाइलींची रचना बदलावी लागली, त्यात आपली नावं असलेले वरचे जुने मथळे गेले. आता 'आभार' अशी वेगळी फाइल आहे. त्यात धम्मरत्न सर आणि तू, दोघांचीही नावं आहेत. भाषण फक्त वीस मिनिटांचं आहे, तरी बघते.

तुझ्याकडे एक काम आहे. दुसऱ्या आवृत्तीत शेरे सांभाळायची सोय केली आहे. पहिल्या आवृत्तीत प्रोग्राममधले, वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेले शेरे गळून जायचे, लोकांची तीच मोठी तक्रार होती. मी लिहिलेला भाग सोबत जोडलाय. तू एकदा वाचशील का? इथे बाकी लोक आहेत, पण 'घडी' आतून कशी चालते हे माझ्याशिवाय फक्त तुला कळतं. तू ठीक म्हटलंस की मी ती बाहेर काढीन.

तुझी,
सुरभी

०

उमरखेड
११ मार्च २०२४

सुरभी,

भाषणाचा व्हिडिओ काल पाह्यला. रविवार होता, क्लासचा पडदा मोकळा होता. क्लासच्या पोरी होत्या, अम्मी होती, अब्बांना मी ऑटोत बसवून आणलं होतं. मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज पाहा.

छान बोललीस. इंग्रजी तर फारच साफ झालं तुहं. मेलमध्येबी आता 'मला' अन् 'तुझी' लिहितेस, तसंच.

तू म्हणालीस की माझ्या गावात एक पेंटर होता, त्याला पाट्या रंगवताना पाहून ही कल्पना मला सुचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अब्बांना तेवढं हिंदीत करून सांगितलं. त्यांनी विचारलं, हा कोणता पेंटर. मी म्हटलं, तिच्या बाभुळगावचा असेल कोणी.

आभाराच्या पानावर माहं नाव दिसलं. कॅमेरा तिथं किती वेळ थांबला ते मी मोजलं नाही. अम्मीचा चष्मा पर्समधून निघेपर्यंत पान गेलं होतं.

तुहा नवीन भाग वाचला. ठीक आहे. काढ बाहेर.

गझाला

०

पुणे
२० मार्च २०२४

प्रिय गझाला,

तू रागावली आहेस. तसं लिहिलं नाहीस, पण मला कळतं.

अगं, मंचावर चढल्यावर पाठ केलेलं सगळं गेलं. 'मैत्रिणीचे वडील' म्हणायचं होतं, तोंडातून 'माझ्या गावात' निघालं, आणि एकदा निघाल्यावर वाक्य परत कसं घेणार? वीस मिनिटांत सगळं कुठे सांगता येतं? चाचांना माझ्या वतीने समजाव.

तू नवीन भाग वाचलास याचं मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. दुसरी आवृत्ती मागच्या आठवड्यात बाहेर काढली. मॅनेजरनी विचारलं, नीट पाहिलंय का कोणी? मी म्हटलं, माझ्यापेक्षा बारीक नजरेच्या माणसाने पाहिलंय. आमची कंपनी लसी साठवायच्या थंड खोल्यांचं नियंत्रण करते, हे तुला माहीत आहे. एप्रिलमध्ये त्या सगळ्या प्रोग्रामवर 'घडी' फिरवायची ठरली आहे. इतक्या मोठ्या कामावर ती पहिल्यांदाच चालणार.

आणि ऐक. माझ्या टीममध्ये एक जागा निघते आहे. घरी बसूनही करता येईल असं काम आहे. तुझं नाव देऊ का? चार दिवसांत कळव.

तुझी,
सुरभी

०

पुणे
९ जून २०२४

गझाला,

मार्चच्या मेलला तुझं उत्तर आलं नाही. ईदला फोन केला, तो अम्मींनी उचलला, तू क्लासला गेलीस म्हणाल्या. त्या जागेवर दुसरं कोणी घेतलं गेलं. ते असो. आज वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे, कारण मला दुसऱ्या कोणापाशी हे बोलता येत नाही.

२४ मे रोजी आमच्या एका थंड खोलीतलं यंत्र बंद पडलं. तापमान वाढलं की धोक्याची घंटा वाजते आणि तिथल्या माणसांना फोन जातो. घंटा वाजली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं तेव्हा आत चक्क उकडत होतं. लहान मुलांच्या लसी होत्या. खोलीतल्या सगळ्या फेकाव्या लागल्या, आणि चार तालुक्यांतली लसीकरणाची शिबिरं पुढे ढकलली.

शोधत शोधत लोक 'घडी'पर्यंत आले. चौकशीत प्रोग्रामिंग न येणारी माणसंही बसली होती, त्यांना मी जसं समजावलं तसंच तुलाही लिहिते, कारण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात तेवढीच वाक्यं फिरत आहेत. शेरा सुरू झाला की ती ओळ संपेपर्यंतचं सगळं संगणक सोडून देतो. म्हणून शेऱ्यानंतर नवीन ओळ लागतेच. माझ्या नवीन भागाने मजकूर एका ओळीत मावतो आहे एवढंच पाहिलं आणि शेऱ्याखालची ओळ उचलून शेऱ्याच्याच मागे नेऊन ठेवली. ती ओळ मेली. घंटा वाजवायची ओळ होती ती. प्रोग्राम बिनतक्रार चालत राहिला आणि दिसायलाही सुंदर दिसत होता.

एकाही मुलाला खराब लस गेली नाही. एवढंच मी स्वतःला सांगत बसते.

तू तो भाग वाचला होतास हे मी चौकशीत सांगितलं नाही. तुझं नाव घेतलं नाही आणि घेणारही नाही. लिहिला मी, चाचणी मी लिहायला हवी होती, जबाबदारी माझी. 'घडी' माझ्याकडून काढून घेतली आहे आणि मला जुन्या कामावर पाठवलंय. त्याचं दुःख आहे, पण ते त्या खोलीच्या मानाने काहीच नाही.

मला फक्त एक कळत नाही. इतकी साधी गोष्ट आपल्या दोघींच्याही नजरेतून कशी सुटली?

सुरभी

०

उमरखेड
१३ जून २०२४

सुरभी,

माह्या नजरेतून सुटली नव्हती.

हे वाक्य लिहायले मले चार दिवस लागले. आता पुढचं लिहिते, तू मधे थांबू नको.

९ मार्चले शनिवार होता. दुपारी क्लास सुटल्यावर मी तुहा भाग वाचायले बसली. दुसऱ्या पानावरच शंका आली. तीन ओळींचा एक प्रोग्राम लिहून 'घडी'तून काढला, अन् तिसरी ओळ शेऱ्याच्या पोटात गेली. अर्ध्या तासात दुरुस्तीबी लिहून झाली. फार नाही, चार ओळी बदलायच्या होत्या. तुले मेल लिहायले घेतली, तिच्यात तुही थोडी मस्करीबी केली होती. मग म्हटलं, उद्या व्हिडिओ पाहू अन् दोन्ही गोष्टी एकदमच लिहू.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाह्यला. घरी येऊन ती अर्धी मेल मी पुसून टाकली अन् सोमवारी 'ठीक आहे, काढ बाहेर' असं लिहिलं.

मले काय वाटलं होतं तेही सांगते. वाटलं, हिले एकदा लोकांपुढं खाली पाहावं लागू दे. कोणीतरी परदेशातला माणूस तक्रार करेल, ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच लोक हसतील, अन् मग उमरखेडहून मी दुरुस्ती पाठवीन. सगळे विचारतील, ही गझाला कोण. हे चित्र मी इतक्या वेळा पाह्यलं की त्यातल्या माह्या अंगावरचा दुपट्टाबी ठरला होता.

तेव्हा लसींचं माह्या डोक्यात नव्हतं. पण वीस मार्चच्या मेलमध्ये तू स्पष्ट लिहिलं होतंस की थंड खोल्यांच्या प्रोग्रामवर फिरवणार. त्या दिवसापासून मले माहीत होतं. त्यावर काही बहाणा नाही. एप्रिलभर रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. पण आज सांगितलं तर तू विचारशील, काल काहून नाही सांगितलं. एकेक दिवस गेला तसं सांगणं अवघड होत गेलं. वरून तू मले नोकरी देऊन राह्यली होतीस. तुही मेल उघडली की माही मान खाली जायची अन् त्याचाबी राग तुह्यावरच यायचा. म्हणून उत्तर लिहिलं नाही. ईदच्या दिवशी क्लास नव्हता. मी अम्मीच्या बाजूलाच उभी होती.

तू चौकशीत माहं नाव लपवलंस. मी तुह्याशी काय केलं ते तुले माहीत नव्हतं, म्हणून लपवलंस. आता माहीत झालं.

दुरुस्ती सोबत पाठवून राह्यली. ९ मार्चची आहे, फाइलवर तारीख दिसते. ती मी बदलली नाही.

गझाला

०

बाभुळगाव
७ जुलै २०२४

गझाला,

तुही मेल वाचल्यावर मी तुले शिव्या देणारी तीन पत्रं लिहिली. एकही पाठवलं नाही. मग रजा टाकून घरी आली. बाबांची पेरणी आटोपली होती, सोयाबीन वर आलं आहे. मी शेताच्या धुऱ्यावर बसून राहायची. आईनं दोनदा विचारलं, काय झालं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, जवळ येऊन बसली, तेव्हा मी तिले सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हटलं, "तिनं तिचं सांगितलं. तुहं सांगून झालं का?"

आईले कसं कळलं ते मले माहीत नाही. पण माहं राह्यलं होतं.

फाइलींची रचना बदलली अन् मथळे आपोआप गेले, हे खोटं आहे. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये एका दुपारी ऑफिसात बसून मी एकेक फाइल उघडली अन् तुहं नाव काढलं. बावीस फाइली होत्या. मधे चहा घ्यायले उठली, परत येऊन उरलेल्या पूर्ण केल्या. अन् भाषणातलं 'माझ्या गावात' तोंडातून निसटलं नव्हतं. मी आरशापुढं दहा वेळा तसंच म्हणून पाह्यलं होतं. 'आहे'च्या ठिकाणी 'होता' म्हटलं, म्हणजे कोणी त्या पेंटरले भेटायचं आहे म्हणणार नाही.

तुले वाटत असेल, हिले काय कमी आहे. शेवटच्या वर्षीची तोंडी परीक्षा आठव. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, रुंदीपुरतंच पाहायची कल्पना कोणाची. मी घाईनं म्हटलं, दोघींची. तू माह्याकडं पाह्यलं अन् गप्प राह्यली. मले तू ते देऊन टाकलंस. बाहेर आल्यावर एका शब्दानं बोलली नाहीस. त्या दिवसापासून मले तुह्या बाजूले बसणं जड जाऊ लागलं. मी कोड लिहू शकते, वर्षानुवर्षं सांभाळू शकते. पण तशी एक गोष्ट मले आजवर सुचली नाही, अन् सुचणार नाही हेही माहीत आहे. तू तिथं पोरींले टायपिंग शिकवून राह्यली होतीस अन् मी पुण्यात बसून तुह्यावर जळत होती. तू आली नाहीस याचा मले आतून आनंद झालता, गझाला. चाचा पडले त्या वर्षी.

म्हणून तुले माफ केलं असं मी म्हणत नाही. त्या मेल्या ओळीचा विचार आला की अजूनही मले तुह्याशी बोलू वाटत नाही. पण माह्यावरचा हिशेबबी कोरा नाही.

आता कामाचं. कंपनीनं मले 'घडी' परत दिली आहे, दुसरं कोणी हात लावायले तयार नाही. तुही दुरुस्ती मी पाह्यली. एक जागा सुटली आहे. शेरा अगदी शेवटी असला अन् त्याच्यामागं फक्त कंस बंद व्हायचा राहिला असला, तर तो कंस अजूनही शेऱ्यात जाते. चाचणी लिहून पाठवते, पाहून घेजो.

दोषाची जाहीर सूचना काढावी लागणार. त्यात दोष कोणाले सापडला अन् कोणत्या दिवशी, हे लिहायची रीत आहे. १३ जून लिहिलं तर कोणालेच काही कळणार नाही, दुरुस्ती करणारी म्हणून तुहं नाव होईल. ९ मार्च लिहिलं तर मे महिन्यात काय झालं ते ज्याले माहीत आहे, तो मधले दिवस मोजेल. तू सांगशील ते लिहीन. तुह्या नावाचं अन् भाषणाचं काय करायचं ते मी ठरवलं आहे, त्यासाठी तुह्या परवानगीची गरज नाही. बावीस फाइलींवर नाव परत लावलं. व्हिडिओखाली खुलासा लिहिला, परिषदेच्या लोकांनाबी कळवलं.

सुरभी

०

उमरखेड
१२ जुलै २०२४

सुरभी,

९ मार्च लिही.

अन् खाली हे जोड, मी शब्द ठरवून पाठवून राह्यली: 'हा दोष गझाला शेख मोहिउद्दीन हिला ९ मार्च २०२४ रोजी सापडला. तिने तो १३ जून रोजी कळवला. मधल्या काळात तो तिने जाणूनबुजून कळवला नाही.' काही कमी करू नको. इंग्रजीत करतानी 'जाणूनबुजून'ले मऊ शब्द शोधू नको.

परवा मी अब्बांना सांगितलं. आधी चांगली गोष्ट सांगितली, की बंगलोरच्या भाषणातला पेंटर म्हणजे तुम्ही होते, बाभुळगावचा कोणी नव्हता, मी तुमच्याशी खोटं बोलली. मले वाटलं, ते खूष होतील अन् मग दुसरं ऐकणं त्यांना सोपं जाईल. मग दुसरं सांगितलं. त्यांनी पहिली गोष्ट ऐकलीच नाही म्हण ना. त्यांनी एवढंच विचारलं, "उन बच्चों को बाद में टीका लगा क्या?"

पोरांले मग लस मिळाली का, मले माहीत नव्हतं. महिनाभर माहं नाव, तुहं नाव, माही चूक, तुही चूक एवढंच करत होती, हे विचारायचं मले सुचलं नव्हतं. तुलेबी नाही. तुह्या एवढ्या मोठ्या पत्रात ते नाही. त्या चार तालुक्यांची नावं मले पाठव. काल मी एका तालुक्याच्या आरोग्य केंद्रात अंदाजानं फोन लावला. एक सिस्टरबाई बोलल्या, म्हणाल्या तीन आठवड्यांनी नवीन लसी आल्या, बहुतेक पोरांले लस टोचून झाली, काही आया मजुरीसाठी बाहेरगावी निघून गेल्या त्यांची राह्यली. त्यांची यादी आशाताईंकडे असते. ती यादी घेऊन आपल्याले काय करता येईल ते मले अजून कळलं नाही. पण रविवारी तू इथं ये, आपण विचारू. त्या पेंटरचं काय ते अब्बांना तुह्या तोंडूनबी ऐकवून दे. यवतमाळहून सकाळची गाडी घेशील तर जेवणापर्यंत पोचशील. अम्मीनं विचारलं, सुरभी मटण खाते का अजून. मी म्हटलं, पुण्यात काय खाते मले माहीत नाही.

अब्बा दोन दिवस माह्याशी बोलले नाहीत. आज सकाळी चहा मागितला.

आता शेवटचं. तुही चाचणी मिळाली. माही दुरुस्ती तिच्यात नापास झाली. बंद होणारा कंस खरंच शेऱ्यात जात होता. मी ती दुरुस्ती तीन महिने जपून ठेवली होती, रोज मनात उघडून पाहत होती, अन् मले ते भोक दिसलं नाही. तुले एका वाचनात दिसलं.

ते वाचल्यावर मले जळलं, सुरभी. पहिल्यासारखंच, छातीत. तुले कधीच नाही सुचत असं तू लिहितेस अन् लगेच असं काही दाखवतेस. म्हणून जळलं तसं लगेच लिहून टाकलं, मनात ठेवलं नाही. कंसाची नवीन दुरुस्ती सोबत आहे. आज दुपारी लिहिली, आजच पाठवून राह्यली. तपासून घेजो, अन् अजून काही सुटलं असेल तर सांगजो.

गझाला